रमतगमत जाणारा प्रकाश

"टाय पुन्हा वाकडा झाला," हेल्का म्हणाली आणि तिने वडिलांच्या गळ्याशी हात नेला.

"तूच जास्त घाबरलीयस," तैस्तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

योएन्सू शहराच्या विद्यापीठातल्या त्या बंद दाराआड लोक जमले होते. संथ प्रकाशावरच्या, म्हणजे प्रकाशाचा वेग मंदावण्यावरच्या प्रबंधाचं, सहा वर्षांच्या कामाचं, काय होणार ते पुढच्या दोन तासांत ठरायचं होतं. परदेशातल्या त्रोंदहाइमहून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. शिवाय शेवटी सभागृहातल्या कोणीही उठून आक्षेप घ्यावा, अशी इथली रीत.

"बाबा, टेलिफोनच्या खांबांच्या गोष्टी आज काढायच्या नाहीत. कबूल करा."

"एकच काढतो."

"एकही नाही."

तैस्तोने तीस वर्षं खांबांवर चढून तारा जोडल्या होत्या. तोंड आवरणं त्याला जमत नसे.

"पण उपयोग काय, असं कोणी विचारलं तर? शेजारचा वेइक्को विचारणारच. सहा वर्षं तेच विचारतोय मेला."

"सोपं करून सांगायचं. काचेच्या तारांतून प्रकाशाने जाणारे दोन संदेश एकदम चौकात आले, तर एकाला थांबावं लागतं. प्रकाश थांबत नाही. म्हणून त्याची वीज करायची, ती साठवायची, मग परत प्रकाश करायचा. प्रकाशच जरा रेंगाळला तर हा सगळा खटाटोप वाचतो."

"आणि वायुगळती शोधायला कसा उपयोग?"

"हळू जाणाऱ्या प्रकाशाला हवेतला चिमूटभर वायूसुद्धा जास्त वेळ भेटतो. त्या वायूची खूण प्रकाशात ठळक उमटते."

"थोडक्यात, रमतगमत जाणाऱ्याला वाटेतलं जास्त दिसतं."

"हे चांगलंय. एवढ्यावर थांबायचं. पुढे खांब नाही."

तैस्तो हसला. "तुझी आई असती तर पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवत बसली असती."

"दर पाच मिनिटांनी," हेल्का म्हणाली, आणि आता सरळच असलेला टाय तिने पुन्हा सरळ केला.

मार्गदर्शक प्राध्यापक वुओरेला बाई परीक्षकांना घेऊन आल्या. ठीक बाराला दार उघडलं. आतले लोक उठून उभे राहिले.

"चला," बाई म्हणाल्या.

हेल्का बाजूला सरली. रिवाजाप्रमाणे आधी उमेदवार आत जातो, मग मार्गदर्शक, मग परीक्षक. एकाहत्तर वर्षांचा तैस्तो प्रबंध काखेत धरून सगळ्यांच्या पुढे चालू लागला.