पद्धत ह्यांचीच

नवऱ्यांनी राग कसा आवरावा, याचे आमचे हे वर्ग घेतात. पहिल्या वर्गात तर स्वतःही नाव नोंदवून बसले होते, फोटोसकट. वर्गांचा उपयोग किती झाला ते तपासायचं ठरलं, तेव्हा पद्धतही ह्यांनीच आखली. नवऱ्याला विचारायचं नाही, बायकोला विचारायचं. ती बोलत असताना नवरा घरात नको. घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, आणि चिठ्ठीत निघालेलं घर बदलायचं नाही. सभेत टाळ्या पडल्या.

आज दारात ह्यांच्याच हाताखालची मुलगी आली.

"सर, चिठ्ठीत तुमचं नाव निघालंय."

हे हसले. "आमच्याकडे काय विचारणार? दुसरं घर घे."

"घर बदलायचं नाही, सर. तुम्हीच लिहिलंय. आणि... तुम्ही जरा बाहेर थांबाल?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी एरवी चळाचळा कापते. आज चपला ह्यांच्या पुढ्यात टाकल्या आणि ते बाहेर पडताच कडी लावली.

"माझं बोलून होईपर्यंत ते आत येऊ शकत नाहीत ना?"

"नाही, काकू. नियमच आहे."

"मग बस निवांत," मी बाही वर सारली. "वर्गाच्या आधीचं थोडक्यात सांगते. नंतरचं लिहायला मात्र जादा कागद काढ."