अकरा नंबरचं पिंप

मालकांनी अकरा नंबरच्या पिंपाचं बूच काढलं आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या ग्लासांत काचेच्या नळीने वाइन सोडली. वाइन बनवणारी हेमांगी धावत तळघरात पोचली, तोवर पहिला घोट गेला होता.

“आंबट आहे हो!” एका बाईंनी तोंड वाकडं केलं.

मालक हसले. “आमच्या मॅडमचा हात अजून बसायचाय.”

हेमांगीने त्यांच्या हातातली नळी काढून घेतली. “दीड वर्ष सांभाळतेय मी हिला. अजून चार महिने उघडायचं नाही, असं पिंपावर लिहिलंय. मराठीत लिहिलंय, सर.”

“पाहुण्यांसमोर?” मालक पुटपुटले.

“पाहुण्यांनाच तर कच्ची पाजलीत.”

तिने लाकडी हातोडी उचलली. बूच पहिल्याच घावात बसलं. पुढचे चार घाव तिने मालकांकडे बघत घातले.