स्पीकर चालू ठेव

चारुलतानं आणखी एक फॉर्म भरला, तेव्हा धीरज समोरच बसला होता. गुडघ्याच्या तेलाचा फॉर्म. तिचे गुडघे ठणठणीत होते.

“कसाले नंबर देस तू सगळास्ले?” त्यानं विचारलं.

“देखू तं खरं, काय बोलतस त्या,” ती म्हणाली. “मज्या वाटस.”

दिवाळीपासून तिला हा नाद लागला होता. कापड दुकानातली सोडत, मोबाइलवरची जाहिरात, रस्त्यात कुणी पुढे केलेला कागद. जिथे नंबर मागतील तिथे ती लिहून मोकळी व्हायची. लोक अशा फोनना वैतागतात, ही त्यांना आवतण द्यायची. मग दिवसभर फोन खणखणायचा. विमा, प्लॉट, गाद्या, इंग्रजी बोलण्याचा क्लास.

पहिल्या महिन्यात धीरजला सुचेनासं झालं होतं. अनोळखी नंबर दिसला की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. दोन वर्षांपूर्वी चारुलता मुलीला, जागृतीला, घेऊन शहाद्याला माहेरी निघून गेली होती आणि चार महिने आली नव्हती. कारण काय, तर त्याचा हात उचलला गेला. आता संसार म्हटला की असं होतंच, असं धीरजचं मत. तिच्या भावानंच तिची समजूत घालून परत आणून सोडली, म्हणून निभावलं. तो तिला पुन्हा ठेवून घेणार नाही, हे धीरजला पक्कं माहीत होतं. पण ती तिसरीकडेच कुठे गेली तर? मिरची वाळवायच्या पथारीवर तो मुकादम होता. मजुरांवर ओरडता ओरडता हा विचार यायचा आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा.

म्हणून घरात नियम होता. फोन त्याच्यासमोरच घ्यायचा, तोही स्पीकरवर. तो नसताना आलेले उचलायचे नाहीत. संध्याकाळी तो स्वतः एकेक नंबर फिरवून बघायचा.

दरवेळी पलीकडे कुणीतरी काहीतरी विकतच असायचं. रोज वीस-पंचवीस नंबर. त्याला कंटाळा आला आणि मग हळूहळू गंमत वाटू लागली. चारुलता त्या लोकांशी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी बोलायची. सुरुवातीला अडखळायची, पुढे घडाघडा. एका गादीवाल्याला तिनं अर्धा तास कुशीवर झोपण्याचे फायदे विचारले. शेवटी त्यानंच फोन ठेवला. धीरज हसून हसून बेजार झाला. लग्नाला आठ वर्षं झाली, पण नवरा-बायको एवढे एकत्र कधी हसले नव्हते. आता ही रमली, असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्याला खरोखर बरं वाटलं.

थंडी सरता सरता एका संध्याकाळी असाच फोन आला. बाईचा आवाज होता.

“चारुलता मॅडम, तुम्ही आमचा फॉर्म भरला होता. थोडी माहिती हवी होती.”

“विचारा ना.”

शिक्षण विचारलं. बी.ए. भाषा कुठल्या? मराठी, हिंदी, गुजराती, घरात अहिराणी. घरी कोण असतं?

“मुलगी आहे. सहा वर्षांची.”

धीरजनं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. अन मी? चारुलतानं हसून ओठांवर बोट ठेवलं.

“समोरचा माणूस चिडला तर तुम्ही काय करता?”

“आवाज खाली ठेवते. आठ वर्षांची सवय आहे.”

धीरजच्या तोंडातला चहा बाहेर आला. पलीकडची बाईसुद्धा हसली. “छान. कळवतो तुम्हाला,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

“काय ईकी ऱ्हायनती ती?” धीरजनं डोळे पुसत विचारलं.

“तेच तं समजनं नही,” चारुलता म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली.

त्यानंतर त्यानं नंबर तपासणं सोडूनच दिलं. अशा येड्यागबाळ्यांना किती फोन लावायचे!

पंधरा दिवसांनी, सोमवारी, तो पथारीवरून परतला तर दाराला कुलूप. शेजारच्या फुलवंताबाईंनी किल्ली हातात ठेवली.

“जागृतीले लिसन रिक्षामा बसनी. टेशनवर जास म्हने.”

“कोनती गाडी?”

“मी काय इचारू, दादा?”

आत खाटेवर तिचा फोन पडलेला होता. शहाद्याच्या मेव्हण्यानं शपथ घेऊन सांगितलं, इकडे आलेली नाही. धीरज स्टेशनवर गेला. फलाटावरून सुरतेकडे बघितलं, भुसावळकडे बघितलं आणि घरी आला. एकटाच तिचा फोन उशाशी घेऊन पडून राहिला.

फोन मात्र वाजतच होता. एरवी त्यानं तो भिंतीवर आपटला असता. पण यातला एखादा तिचा असला तर? चार दिवस तो कामावर गेला नाही. विम्याचा, प्लॉटचा, तेलाचा, एकही फोन त्यानं सोडला नाही. प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुणाला मध्येच तोडायची त्याची छातीच होईना.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा अनोळखी नंबर. मागे पुष्कळ माणसांच्या बोलण्याची गजबज आणि पुढे एका बाईचा स्वच्छ, शांत आवाज.

“नमस्कार सर. आपली दोन मिनिटं घेऊ का?”

“घ्या ताई,” धीरज रडवेला होऊन म्हणाला. “जे काय ईकनं शे ते ईका.”

“काही विकायचं नाही. मी चारुलता बोलतेय. जागृती बरी आहे, आणि आम्ही परत येणार नाही. या नोकरीची मुलाखत तुमच्यासमोरच झाली, तुम्ही हसत होता तेव्हा. आणि सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय. आता बोला, काय बोलायचंय ते.”