समेवरची मान

पहिल्या रांगेत टेंबेकाका बसले ते खांब रोवल्यासारखे. सदऱ्याच्या खिशातून मोबाइलचा कॅमेरा डोकावत होता आणि रेकॉर्डिंग हलू नये म्हणून त्यांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा ठरवला होता. आज ग्रुपवर अख्खी मैफल टाकून तिथं रोज क्लिपा टाकून मिरवणाऱ्या त्या बर्व्याची जिरवायचीच!

तान घेऊन गाणाऱ्या बाई समेवर आल्या. सगळ्या सभागृहाच्या माना डोलल्या. शेजारचा गृहस्थ मांडीवर थाप मारून “क्या बात है!” म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला नुसत्या डोळ्यांनी दटावलं. मान मात्र ढिम्म. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. पुढची तान त्यांनी काकांकडे बघूनच घेतली. त्यापुढची आणखी अवघड. काका ढिम्मच.

भैरवी संपल्यावर बाई घाम पुसत खाली उतरल्या आणि थेट काकांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

“जीव ओतून गायले हो आज. पण तुमची मान काही डोलली नाही. कुठं कमी पडले, सांगा ना.”

काकांनी ओशाळून खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला.

“छे छे, भलतंच काय! अजून ऐकलंय कुठं? आता घरी जाऊन निवांत ऐकतो.”

यावर मान हलली, ती बाईंची.