हात धरून

मिशनच्या ट्रेनिंग कॉलेजात रतनचा पहिलाच सराव पाठ पार बिनसला. मुलं पाटीवर 'ग' गिरवत होती आणि ही आपली चार हात लांब उभी राहून छडीच्या टोकानं त्यांच्या चुका दाखवत होती. मागच्या बाकावरून सिस्टर उठून आल्या.

"अगं, मुलाजवळ बसावं, त्याचा हात धरून गिरवून घ्यावं. असं लांबून शिकवतात का कुणी?"

"आमच्या गुरुजींनी मला असंच शिकवलं, सिस्टर. मी दाराबाहेर बसायची."

सिस्टरनी रतनचा हात धरला आणि एका पोराच्या मुठीवर नेऊन ठेवला. पोरगं तिच्याकडं बघून हसलं आणि गिरवू लागलं. त्यानंतर रतननं छडी म्हणून हातात घेतली नाही.

अडुसष्ट साली नेमणूक झाली ती भोरपल्याड, डोंगरातल्या तिच्याच गावी. गुरुजी आता हेडमास्तर झाले होते. "आमची रतन मास्तरीण झाली, लई बरं वाटलं बघ!" ते दारातूनच म्हणाले. तिचे डोळे भरून आले. ती पाया पडायला वाकली, तसे ते दोन पावलं मागं सरले.

ती वर्गात शिरली, पहिल्या पोरीजवळ बसायला गेली, तोच गुरुजींनी कोपऱ्यातली जुनी छडी आणून टेबलावर ठेवली. मग अगदी मायेनं म्हणाले, "पोरांना शिवायचं न्हाई, असं गावाचं म्हणणं पडलं. लांबूनच दाखव. तुला काय, सवय हाये."