डॉक्टरांचा हातगुण

"कुणी हात लावू नका. श्वास घेऊ द्या त्याला," डॉक्टर म्हणाले आणि प्रिंटरच्या पाठीवर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिले.

सगळं ऑफिस भोवती गोळा झालं होतं. ती मात्र जागची हलली नाही. नोकरीतला तिचा पहिलाच आठवडा होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या कंपनीत उद्या कोणता मेकॅनिक कोणत्या इमारतीत जाणार, हे लावून द्यायचं तिचं काम.

डॉक्टर म्हणजे खरं तर स्टोअरकीपर. लिफ्टचे दोर आणि नटबोल्ट सांभाळायचे. पण ऑफिसातलं काहीही बंद पडलं की हाक त्यांनाच. त्यांनी दोन वायरी उपसल्या, फुंकर मारली, पुन्हा खोचल्या. त्यातली एक चुकीच्या जागी. तिला खुर्चीवरूनही ते दिसलं.

"आज आराम. सकाळी उठेल," ते म्हणाले.

"हातगुण हो, दुसरं काय!" शेजारच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या. त्या पत्रव्यवहार बघायच्या आणि एकेक अक्षर शोधून दाबायच्या. "मला तर मेलं बटणसुद्धा सापडत नाही. तुला येतं का गं यातलं काही?"

"छे हो, काकू."

हे धडधडीत खोटं होतं. जुन्या ऑफिसात तिचा निम्मा दिवस दुसऱ्यांच्या टेबलाखाली जायचा. घरी यावं तर सासूबाईंची बहीण फोन घेऊन बसलेली. सख्ख्या भावाच्या लग्नात नवरीच्या मामाने तिला ताटावरून उठवलं होतं, लॅपटॉप चालू होईना म्हणून. आणि बढतीची वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, "बाकी सगळं ठीक, पण तुमचं स्वतःचं काम कुठे दिसत नाही." नवं ऑफिस मिळालं तेव्हा नवऱ्याने बजावलं, "इथे मूग गिळून बस. कुणाला पत्ता लागू देऊ नकोस."

ती मूग गिळून बसली. संध्याकाळपर्यंत. सगळे गेल्यावर मात्र ती चुकीची वायर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने ती काढून नीट लावली आणि घरी गेली.

सकाळी प्रिंटर सुरू झाला. डॉक्टरांचा जयजयकार झाला. डॉक्टरांनी मान डोलावली. "विश्रांती मिळाली ना त्याला."

मग ते अंगवळणीच पडलं. दिवसा डॉक्टरांनी हात ठेवायचा, संध्याकाळी तिने दुरुस्त करायचं. नाव त्यांचं होत होतं आणि तिला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. कुणी तिला हाक मारत नव्हतं, तिचं काम वेळेवर होत होतं, साहेब खूश होते.

एका दुपारी चहा पिताना तिने सहज विचारलं, "काकू, डॉक्टर किती वर्षं करतायत हे?"

"अगं, मी पहिल्यापासून बघतेय. एकदाही त्यांचा पेशंट दगावला नाही."

कप तिच्या ओठांशीच थांबला. ती तर आत्ता कुठे आली होती. मग तिच्याआधी?

हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. डॉक्टर दिसतात तसे नाहीत की काय? त्यांना सगळं येत असेल आणि ते मुद्दाम सोंग करत असतील, तर? ती त्यांच्याकडे निरखून बघू लागली. ते तन्मयतेने एका स्पीकरच्या नाडीचे ठोके मोजत होते.

काही दिवसांनी मुख्य कॉम्प्युटरच बंद पडला. उद्याची सगळी कामं त्यातच होती. डॉक्टरांनी तो उघडला, आत चाचपलं, बंद केला. "सकाळी उठेल." आतली मेमरीची एक पट्टी सैल झाली होती, हे तिने त्याच्या बीप-बीप आवाजावरूनच ओळखलं.

त्या संध्याकाळी ती काहीही न करता घरी गेली.

जेवतानाही तिच्या डोक्यात तेच होतं. सकाळी मेकॅनिक दारात येऊन उभे राहिले तर? कुणी म्हातारं माणूस लिफ्टमध्ये अडकून बसलं तर? "एवढं आहे तर दुरुस्त करून यायचंस," नवरा म्हणाला. "मला बघायचंय," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. कॉम्प्युटर चालू होता.

दुपारी तोच कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. डॉक्टरांनी पुन्हा हात ठेवला. संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर पर्स उचलली, जिना उतरली, मागच्या जिन्याने वर आली आणि चहाच्या कोपऱ्यातल्या पार्टिशनमागे उभी राहिली.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "बरा हो रे बाबा. अब्रू राख." हेल्मेट घेऊन ते निघून गेले. त्यांनी एका स्क्रूलाही बोट लावलं नव्हतं. त्यांचा स्वतःच्या हातगुणावर खराखुरा विश्वास होता.

ती चक्रावलीच. पार्टिशनमागून निघणार एवढ्यात पुन्हा पावलं वाजली.

काकू होत्या. त्यांनी विणकामाच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, झाकण उतरवलं, ती पट्टी काढून पदराने पुसली आणि अंगठ्याने टक्कन बसवली. मग खुर्ची ओढून बसल्या. कीबोर्डवर त्यांची दहाही बोटं पावसासारखी चालू लागली आणि स्क्रीन उजळला.

मागे वळूनही न बघता काकू म्हणाल्या, "इतके दिवस छान सांभाळलंस गं. मग कालपासून काय झालं, बरं नाही का तुला?"