दोन तासांची झोप

जेवता जेवता हणमंतचं डोकं ताटावर झुकलं, तेव्हा ढाबा चालवणाऱ्या शेवंताबाईंनी त्याच्या ट्रकची किल्ली उचलून कमरेला खोचली.

"किल्ली द्या, मावशी. आई दवाखान्यात आहे, तिचं काही खरं नाही. संध्याकाळच्या आत लातूर गाठायचंय." बोलतानाही त्याचे डोळे मिटत होते.

"माझा नवराही असाच घाईनं निघाला होता, बाबा. डोळा लागला आणि गाडी पुलाखाली गेली. दोन तास पड, मग जा."

भांडायचं त्राणही त्याच्यात नव्हतं. बाजेवर पडताच तो घोरू लागला. थोड्या वेळानं उशाशी फोन वाजला. झोपमोड नको म्हणून शेवंताबाईंनी तो आत नेऊन पिठाच्या डब्यावर ठेवला.

दोन तासांनी त्याला उठवून त्यांनी फोन हातात दिला. त्यानं भावाला लावला. पलीकडचं रडणं शेवंताबाईंनाही ऐकू आलं.

"आई गेली," हणमंत म्हणाला. "मघाशी शुद्धीवर आली होती. माझा आवाज ऐकायचा म्हणत होती."

"फोन मीच आत नेला रे," शेवंताबाई कशाबशा म्हणाल्या.

किल्लीसाठी हणमंतनं नुसता हात पुढे केला.